डिस्कवरचा आवाज आहे तसाच राहू द्या

"सर, ऑडिओ कशात ठेवू? एमपी थ्री का एएसी?"

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत एका दुकानदाराने मला हा प्रश्न विचारला. "प्रश्न आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा," असं अठरा-वीस वर्षं पोरांना सांगत आलेला मी मास्तर प्रश्न न वाचताच उत्तर देऊन मोकळा झालो. म्हणालो, "जे फोनवर चालतं ते ठेवा." त्या एका वाक्याची किंमत मला नंतर कळली. म्हणून हा लेख.

मुरबाडला आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत ३७ डिस्क होत्या. निकाह, वलीमा, चुलतभावाचा साखरपुडा, शाळेची दोन स्नेहसंमेलनं, हाजी मलंगच्या उरुसातून आणलेल्या कव्वालीच्या तीन-चार व्हीसीडी. व्हीसीडी प्लेअर कधीच भंगारात गेला. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नसते. तेव्हा सगळं पेनड्राइव्हवर करून घ्यावं, असा सरळ विचार होता. तुमच्या घरातही हेच चाललं असेल. शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडीकडच्या कुठल्याही घरात टीव्हीच्या खालचा खण उघडा, दहा-वीस डिस्क निघतील. वर मार्करने लिहिलेलं नाव, कोपऱ्यात फोटो स्टुडिओचा शिक्का.

दुकानदाराने दोन दिवसांत काम दिलं. फोनवर सगळं सुरू झालं. घरात आनंद झाला. मग मी २००३ साली झालेलं खालाचं लग्न उघडलं. मला त्यात नानी ऐकायची होती. नानीला जाऊन आता पंधरा वर्षं होऊन गेली. हळदीच्या रात्री ती गायली होती, हे मला पक्कं आठवत होतं. चित्रात ती दिसली. ओठ हलत होते. आवाज मात्र सिनेमाच्या गाण्याचा. व्हिडिओवाल्याने तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मिक्सिंग करताना वर गाणं चढवलं होतं. गाण्याच्या मागे पाण्याखालून कुणी बोलावं तशी काहीतरी गुळगुळ होती. मी मनाशी म्हटलं, व्हिडिओवाल्याने घालवलं. बावीस वर्षांपूर्वीचा गुन्हा, आता कुणाला बोलणार?

पण गुन्हा त्याचा नव्हता. निदान पूर्ण त्याचा नव्हता.

त्याच लग्नाची दुसरी प्रत मामूंकडे होती. ती मी घरी आणली, शाळेतल्या जुन्या संगणकात घातली, आणि काहीही न बदलता फाइल कॉपी करून घेतली. हेडफोन लावला. उजव्या कानात सिनेमाचं गाणं. डाव्या कानात कॅमेऱ्याच्या माइकने टिपलेला मांडव! जनरेटरची घरघर, बांगड्या, पोरांचा दंगा, आणि त्यात नानी. उजवा कान काढून ठेवला आणि नानी एकटी राहिली. मध्येच गाणं थांबवून कुणाला तरी "आरं, ताट आण की" म्हणून ओरडते आणि पुन्हा त्याच जागी गाणं उचलते.

व्हिडिओवाल्याने दोन आवाज दोन बाजूंना ठेवले होते. हिशोब करून ठेवले असतील किंवा त्याच्या मिक्सरची तार तशी लागली असेल, ते सोडा. ठेवले होते हे खरं. आम्ही करून घेतलेल्या नव्या फाइलमध्ये मात्र दोन्ही बाजू एकत्र करून एकच बाजू, म्हणजे मोनो, केली होती. वर ६४ केबीपीएसला दाबलं होतं. गाणं वर बसलं, नानी खाली गेली, आणि खाली गेलेलं सॉफ्टवेअरने टाकून दिलं.

आता माझं म्हणणं सरळ मांडतो. डिस्कवरून फाइल करताना "एमपी थ्री का एएसी" हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचं बरोबर उत्तर "दोन्ही नको, आहे तेच ठेवा" असं आहे. डिस्कवर आवाज ज्या रूपात आहे त्याच रूपात, बिट न बिट, बाहेर काढायचा. फोनसाठी हवी असेल तर त्या मूळ फाइलवरून वेगळी प्रत करायची. मूळ पुसून प्रत ठेवणं हा वेडेपणा आहे, आणि आज आपण घरोघर पैसे देऊन तोच वेडेपणा करून घेतो आहोत.

हे का, ते समजून घेऊ. यात अवघड काही नाही, आठवीच्या पोराला समजतं.

व्हीसीडीचं मानक १९९३ चं. आपल्याकडच्या व्हीसीडीवर चित्र असतं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आजच्या साध्या फोनच्या पडद्यावर ते मोठं केलं की चेहरे चौकोन-चौकोन दिसतात. पण आवाज? आवाज असतो एमपी टू प्रकारचा, सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन बाजू, २२४ केबीपीएस. म्हणजे चित्र गरीब आणि आवाज खाऊनपिऊन सुखी. आपण नेमकं उलटं करतो. गरीब चित्राला "एचडी करून द्या" म्हणून पैसे मोजतो आणि धडधाकट आवाजाचं हाड मोडतो.

डीव्हीडीवर आवाज तीनपैकी एका रूपात सापडण्याची शक्यता जास्त. एसी थ्री, ज्याला डॉल्बी डिजिटल म्हणतात. किंवा पीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला. किंवा पुन्हा एमपी टू. नमुने सेकंदाला ४८,०००. गावाकडच्या मिक्सिंगवाल्यांनी बनवलेल्या डीव्हीडीत कुठल्या सॉफ्टवेअरने काय घातलं हे वरून कळत नाही, फाइल उघडून पाहावं लागतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये कोडेकची माहिती पाहिली की एका मिनिटात कळतं.

आता दाबणं म्हणजे काय? एमपी टू, एमपी थ्री, एएसी, एसी थ्री हे सगळे एकाच कुळातले. माणसाच्या कानाची एक खोड आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारी त्याच पट्टीतला बारीक आवाज असेल तर कानाला तो ऐकू येत नाही. या मंडळींचं गणित सांगतं की जे ऐकूच येत नाही ते साठवायचं कशाला? टाकून द्या. त्यातून जागा वाचते. तंत्र म्हणून हे हुशारीचं काम आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण "ऐकू येत नाही" हा निकाल कोण देतो? एक सूत्र देतं. त्याला नानी माहीत नाही. मांडवात बँड वाजतोय, बाजूला एक म्हातारी बाई हळू आवाजात गातेय. सूत्राच्या दृष्टीने बँड महत्त्वाचा आणि म्हातारी फालतू. आपण तर म्हातारीसाठीच डिस्क जपून ठेवलेली!

एमपी थ्रीच्या जन्माची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. जर्मन अभियंता कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आणि त्याचे सहकारी हे सूत्र घडवत होते, तेव्हा सुझान वेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे गाणं त्यांनी कसोटीला घेतलं. त्या गाण्यात वाद्य नाही. एका बाईचा एकटा आवाज. सुरुवातीच्या सूत्राने त्या आवाजाची पार वाट लावली होती. मग तो आवाज धड येईपर्यंत ते सूत्र पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यात आलं. बँडबाजा दाबणं सोपं होतं. वाद्याविना गाणारी एकटी बाई दाबणं सगळ्यात अवघड. आणि आपल्या लग्नाच्या डिस्कमध्ये दुसरं असतं काय? हळदीला गाणाऱ्या बायकाच असतात.

कुणी म्हणेल, "सर, मग व्हीसीडीवरचा एमपी टू पण दाबलेलाच की. एकदा दाबलंय, अजून एकदा दाबलं तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शाळेतलंच देतो. प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स काढली, चालते. त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली, अक्षर फुटतं. तिसऱ्या वेळी अनुस्वार जातो, उर्दूच्या पेपरात नुक्ता जातो. आणि उर्दूत नुक्ता जाणं म्हणजे काय हे उर्दूवाल्यांना सांगायला नको. वरचा ठिपका खाली आला तर 'खुदा'चं 'जुदा' होतं. आवाजाचंही तसंच. प्रत्येक नवं दाबणं मागच्या दाबण्यातून उरलेल्यावरच कात्री चालवतं आणि स्वतःचा कचरा वर टाकतं. २००३ साली नानीचा आवाज एकदा गाळला गेला, त्याला इलाज नाही. दुसऱ्यांदा आम्ही गाळून घेतला. तिसऱ्यांदा मी ती फाइल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तिथे ती आणखी दाबली गेली. लंडनला असलेल्या मावसभावाने ती उतरवून घेतली आणि "जपून ठेवलीय" असं कळवलं. त्याने जपलंय ते गाळाचा गाळ काढल्यावर उरलेलं पाणी.

भाषा शिकवणारा म्हणून मला यातलं आणखी एक दुखतं. शब्दाचा अर्थ व्यंजनं वाहतात, आणि व्यंजनंच बारीक असतात. स, श, फ, ज़ हे घर्षणाचे वर्ण वरच्या पट्टीत असतात, अंगात जोर कमी. जुन्या टेलिफोनची पट्टी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. म्हणूनच फोनवर नाव सांगताना "स, सफरचंदातला स" असं म्हणावं लागत असे. जुन्या साध्या फोनसाठी थ्रीजीपी फाइल करून द्यायचे, त्यात बहुधा एएमआर प्रकारचा आवाज असायचा. तो याच टेलिफोनच्या पट्टीतला. २००८-१० च्या सुमाराला अनेकांनी लग्नाच्या सीडीवरून मेमरी कार्डात थ्रीजीपी भरून घेतलं आणि डिस्क टाकून दिली. त्या फाइलीतून 'जरा'चा ज आणि 'जग'चा ज कुणी ओळखून दाखवा! मराठीत च आणि ज दोन-दोन प्रकारे उच्चारतात, उर्दूत ज आणि ज़ वेगळे, आणि आमच्या घरच्या बोलीत या सगळ्यांची आपली अशी सरमिसळ. हे कागदावर उतरत नाही. ते कानानेच कळतं.

आता याच्या उलट टोकाची मंडळी. ती म्हणतात, एमपी थ्री नको ना, मग ३२० केबीपीएसला करून घ्या. किंवा फ्लॅक करा, वेव्ह करा, एकदम हायफाय. दुकानातही "हाय क्वालिटी" म्हणून जास्त पैसे सांगतात. हाही भ्रम आहे. २२४ च्या एमपी टूला ३२० च्या एमपी थ्रीत घातलं तर आकडा वाढतो, आवाज वाढत नाही, वर एक गाळणी लागतेच. फ्लॅकमध्ये घातलं तर नुकसान काही होत नाही, हे मान्य. फ्लॅक काही टाकत नाही. पण गेलेलं परतही आणत नाही. पातळ ताक मोठ्या हंड्यात ओतलं तर त्याचं दही होत नाही, हंडा तेवढा अडतो. फ्लॅकची खरी जागा वेगळी आहे. डीव्हीडीवर आवाज पीसीएम असेल, किंवा जुनी कॅसेट तुम्ही आज प्रथमच संगणकात घेत असाल, तर जरूर फ्लॅक किंवा वेव्ह करा. नियम इतकाच. न दाबलेलं असेल ते न गमावता ठेवा, दाबलेलं असेल ते आहे तसं ठेवा. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या जगभरच्या संस्थाही जतनाच्या प्रतीसाठी आवाज गमावणारं दाबणं वर्ज्य मानतात.

दुकानदाराची बाजूही मांडायला हवी, नाहीतर लेख एकांगी होईल. त्याच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, फोनवर लावून दाखव. एसी थ्रीची फाइल अनेक फोनवर चित्र दाखवते आणि मुकी राहते, कारण त्या फोनमध्ये तो कोडेक दिलेलाच नसतो. एमपी टूचंही कधी कधी तसंच होतं. गिऱ्हाईक म्हणतं, "आवाजच नाय, पैसे परत दे." मग तो बिचारा सगळं एएसी करून टाकतो. मोनो का करतो? एकाच कानात आवाज आला तर पुन्हा तक्रार येते म्हणून. माझ्यासारखं गिऱ्हाईकच त्याला चुकीचं काम करायला लावतं. हा लेख त्याच्यावर चिडून लिहिलेला नाही. प्रश्न न वाचता उत्तर देणाऱ्या आपल्या सगळ्यांवर चिडून लिहिला आहे.

"जागा किती लागेल?" हा पुढचा आक्षेप. हिशोब करू. २२४ केबीपीएसचा एक तासाचा आवाज साधारण १०० एमबी. १९२ च्या एसी थ्रीचा तास ८६ एमबी. पीसीएमचा तास सुमारे ६९० एमबी, आणि तो फ्लॅक केला की त्याहून बराच कमी. माझ्या ३७ डिस्कमध्ये बहुतेक व्हीसीडी. पूर्ण भरलेली व्हीसीडी ८०० एमबीच्या आसपास. सगळं मूळ चित्रासकट, काहीही न दाबता, ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसलं. आपल्या फोनमध्ये 'गुड मॉर्निंग'चे व्हिडिओ याहून जास्त जागा खात असतील.

घाई मात्र आहे. घरगुती डिस्क ही कारखान्यात छापलेली नसते, ती रंगाच्या थरावर लेसरने लिहिलेली असते. तो थर ऊन, उष्णता, दमट हवा यांनी खराब होतो. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. त्यात व्हीसीडीला आणखी एक दुखणं. डेटा सीडीवर चूक दुरुस्त करणारा एक जादा थर असतो. व्हीसीडीवर ती जागा चित्र-आवाजासाठी वापरलेली असते. त्यामुळे तीच ओरखडी डेटा सीडी सोसते आणि व्हीसीडी सोसत नाही. माझ्या ३७ पैकी चार डिस्क वाचल्याच नाहीत. त्यांत शाळेचं एक स्नेहसंमेलन होतं. त्यात काय होतं हे आता कुणालाही कळणार नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जड. "सर, हे ऐकणार कोण? नानीचं गाणं तुम्हाला प्यारं, जगाला त्याचं काय?"

याला मी दोन उत्तरं देतो.

पहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सुरुवातीला त्या कागदावर उतरल्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकाची साथ मिळाली आणि ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. आज ते 'पारी'च्या संकेतस्थळावर कुणीही ऐकू शकतो. गिरणी आली, जातं थांबलं, पण ती चाल, तो श्वास, शब्द लांबवण्याची ती तऱ्हा उरली. का? कुणाला तरी वाटलं की पिठाने माखलेल्या बाईचा आवाज नीट साठवण्याच्या लायकीचा आहे. त्याआधी ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली आला, त्यात ठाणे-कोकणाकडच्या बोलींचे नमुने आहेत. पण छापील. त्या वाचून बोलणाऱ्याचा सूर कळत नाही. नंतर त्याच सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनच्या तबकड्याही केल्या गेल्या. आपल्या घरात तर बोलता-गाता आवाज आयता पडलेला आहे. आपल्या आगरी शेजाऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाते, वारली पाड्यावर धवलेरी लग्न लावते. त्यांच्याही डिस्क आहेत, आणि त्यांच्यावरही सिनेमाची गाणी चढवलेली आहेत. हा एकट्या मुसलमानांचा प्रश्न नाही.

दुसरं उत्तर मात्र आपलं आहे. मराठी शिकवणारा मुसलमान मास्तर म्हणून मला आयुष्यभर एक प्रश्न विचारला गेला. "तुम्ही घरी मराठी बोलता?" प्रशिक्षणात विचारला, बदलीच्या गावी विचारला, भाड्याने खोली घेताना विचारला. विचारणारा नेहमी वाईट मनाचा नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. दुसरीकडे आपल्यातलेच काही सांगतात की आपली जबान उर्दू, ती गावठी बोली सोडा. या दोघांनाही मी आता डावा कान ऐकवतो. निकाहचा खुतबा अरबीत, दावतनामा उर्दूत, आणि हळदीचं गाणं आमच्या कोकणी-मराठी बोलीत. एका मांडवात तिन्ही, आणि कुणाला कशाची अडचण नाही. आमच्या मराठीपणावर परिसंवाद होतात, १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हापासून त्यावर बोललं-लिहिलं जातंय, आणि ते व्हायलाच हवं. पण पुरावा आपल्याच पेटीत पडलेला असताना आपण तो ६४ केबीपीएस मोनोत गाडतोय, हे कुणाला सांगायचं?

इथे घरातल्या एका गोष्टीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. काही घरांत आता लग्नातलं गाणं नको वाटतं. ते डिस्क करून घेताना सगळा ऑडिओच काढायला लावतात आणि जागी नात घालतात. त्यांच्या श्रद्धेशी माझा वाद नाही. बघायच्या प्रतीत जे हवं ते घाला. पण मूळ आवाज पुसू नका. त्यात गाण्याबरोबर तुमच्या अब्बांनी केलेलं 'कुबूल है' आहे, दादीची दुआ आहे, रुखसतीला बहिणीचं रडणं आहे. पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला गाणं आणि दुआ वेगळी करता येत नाही, ते सगळंच पुसतं.

आता काय करायचं ते थोडक्यात. हे घरच्या, स्वतःच्या डिस्कबद्दल आहे, बाजारात विकत मिळणाऱ्या सिनेमांबद्दल नाही.

व्हीसीडी संगणकात घातली की 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर दिसतं. त्यात डॅट फाइल असते. ती जशीच्या तशी कॉपी करा, व्हीएलसीत चालते. डीव्हीडीचं 'व्हिडिओ टीएस' हे अख्खं फोल्डर कॉपी करा. ही झाली मूळ प्रत. ती दोन ठिकाणी ठेवा, एक घरी, एक दुसऱ्या नातेवाइकाकडे. दुकानात करून घेत असाल तर शब्द पक्के ठेवा, "ऑडिओ कन्व्हर्ट नको, कॉपी पाहिजे." एफएफएमपेग वापरणाऱ्याला ऑडिओ कोडेकच्या जागी 'कॉपी' लिहायचं असतं, हँडब्रेक वापरणाऱ्याला 'पासथ्रू' निवडायचं असतं, आणि फाइल एमकेव्ही ठेवली की या सगळ्या प्रकारांचे आवाज तिच्यात बिनतक्रार मावतात. मग त्यावरून फोनसाठी वेगळी एएसी प्रत करा. स्टिरिओ, १२८ किंवा १९२ केबीपीएस. मोनो करू नका, नमुन्यांचा ४४,१०० किंवा ४८,००० हा आकडा बदलू नका, आणि 'नॉइज काढून देतो' म्हणणाऱ्याला मूळ प्रतीला हात लावू देऊ नका. आवाज वेगवेगळे करणारी सॉफ्टवेअर आज आहेत, उद्या अधिक चांगली येतील. पण त्यांना खायला मूळ आवाज लागतो.

दुकानातून निघण्यापूर्वी हेडफोन लावून दोन मिनिटं ऐका, एकदा डावा कान, एकदा उजवा. आणि घरी आल्यावर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा. कोण बोलतंय, कोण गातंय, गाव कुठलं, साल कुठलं, हे वहीत लिहून घ्या. फाइलला 'न्यू फोल्डर ३' असं नाव असेल तर तुमच्या नातवाला ती उघडावीशीसुद्धा वाटणार नाही.

मी येत्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नववीच्या मुलांना हाच गृहपाठ देणार आहे. प्रत्येकाने घरातली एक डिस्क, तिची मूळ प्रत आणि एक पान माहिती आणायची. आमच्या वर्गात मुसलमान पोरं आहेत, कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी पोरं आहेत. काय काय निघतंय ते इथेच लिहीन. तुम्हीही आपल्या पेटीत बघा. पहिल्या प्रतीवर समाधान मानून डिस्क फेकली असेल, तर मामूंना, चाचांना, जुन्या शेजाऱ्यांना फोन करा. त्या काळी एका लग्नाच्या चार-पाच प्रती वाटल्या जायच्या. त्यातली एखादी अजून कुणाच्या तरी टीव्हीखालच्या खणात असेल.